मोजपट्टी कोणाच्या हातात?

1907 साली भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक झाला. त्याला 750 पैकी 282 गुण होते, म्हणजे अडतीस टक्क्यांच्याही आतच. आजच्या दहावीच्या हिशेबात तो काठावर पास! पण कॉलेजचे दार उघडले आणि त्याच मुलाने पुढे कोलंबिया आणि लंडन गाजवले. 282 हा आकडा त्या मुलाची लायकी सांगत नव्हता. वर्गात वेगळे बसवणाऱ्या व्यवस्थेची नालायकी तेवढी सांगत होता.

हे आज आठवायला कारण घडले. मागच्या हंगामात टेंभुर्णीचा एक बाप मुलीची गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे आला. "जयभीम वकीलसाहेब. पोरीला चौऱ्याऐंशी टक्के पडले, पण फादरच्या कॉलेजात नंबर लागला नाही. दोन टक्क्यांनी हुकला." बाप कापूस वेचायला जातो, मुलगी वाड्यातली पहिली अशी हुशार. तो पुढे म्हणाला, "साहेब, आपली राखीव जागा कुठं गेली?"

बापाचा प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र कडू आहे.

घटनेच्या कलम 15(5) नुसार खासगी शिक्षणसंस्थांतही मागासवर्गीयांसाठी प्रवेशात तरतूद करता येते, पण अल्पसंख्याक संस्था त्यातून वगळलेल्या आहेत. शिक्षणहक्क कायद्यातील 25 टक्के जागांचेही तेच झाले. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि 2014 साली प्रमाती खटल्यात सर्वच अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून मोकळे केले. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी प्रमातीच्या निकालावर शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे जावे म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवले. अकरावीचेही तसेच. अल्पसंख्याक महाविद्यालयांतील उरलेल्या जागांना सामाजिक आरक्षण लावण्याचा शासनाचा निर्णय जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने रोखला.

म्हणजे कॅथलिक शाळेच्या दारात आमच्या मुलांकडे आरक्षण नाही, 25 टक्के नाही, हातात फक्त गुणपत्रिका. जिथे आरक्षण नाही तिथे मोजपट्टी हेच दार असते. मग ही मोजपट्टी कोण आखतो, कधी बदलतो आणि कोणाला विचारून बदलतो, हे आम्ही विचारायचे नाही काय?

दहावीच्या प्रत्येक विषयात 80 गुण बोर्डाच्या लेखी परीक्षेचे आणि 20 शाळेच्या हातचे. पाचातला एक हिस्सा शाळेच्या मर्जीवर! टेंभुर्णीच्या त्या मुलीला शाळेने प्रत्येक विषयात चौदा-पंधरा दिले होते. मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले, "आम्ही फुकट गुण वाटत नाही." प्रामाणिकपणा वंदनीय आहे. पण शहरातली शाळा एकोणीस-वीस देत असेल तर एका विषयात चार-पाच गुणांचा, म्हणजे एकूण चार-पाच टक्क्यांचा फरक पडतो. मुलगी हुकली ती दोन टक्क्यांनी! मेख इथे आहे.

2019 च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे 20 गुण काढले, तेव्हा राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर घसरला. दुसऱ्या वर्षी ते परत दिले आणि निकाल 95.30 वर गेला. एका वर्षात मुले मठ्ठ झाली आणि दुसऱ्या वर्षी हुशार झाली काय? मुले तीच होती, पट्टी बदलली.

पट्टी बदलली की प्रस्थापित गप्प बसत नाहीत. 2008 चे पर्सेंटाइल सूत्र, 2009 चा 90:10 कोटा, 2010 चे बेस्ट फाइव्ह, तिन्ही वेळा आयसीएसईचे पालक उच्च न्यायालयात गेले आणि तिथे जिंकले. बेस्ट फाइव्ह पुढे सर्वोच्च न्यायालयात टिकले ही गोष्ट वेगळी. टेंभुर्णीचा बाप कोणत्या कोर्टात जाणार? त्याला तर पट्टी बदलल्याचे कळतही नाही.

अमेरिकेत अनेक कॅथलिक हायस्कुलांत 93 गुणांच्या खाली 'ए' श्रेणी मिळत नसे. शेजारच्या शाळा 90 ला 'ए' देऊ लागल्यावर आपल्या मुलांच्या शिष्यवृत्त्या बुडतील म्हणून त्यांनीही पट्टी बदलली. म्हणजे श्रेणी ही माणसाने आखलेली रेघ आहे, हे चर्चच्या शाळांनाही मान्य आहे.

एक गोष्ट स्पष्ट करतो. मिशनरी शाळांवर दगड घेऊन जाणाऱ्या टोळीत आम्ही नाही. कलम 30 हे संविधानाने अल्पसंख्याकांना दिलेले कवच आहे आणि ते टिकले पाहिजे. आम्हीही या देशात धर्माने अल्पसंख्याकच आहोत. पण भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमध्ये जातिभेद असल्याची कबुली दिली. मग त्या धोरणाची सावली प्रवेशाच्या यादीवर का पडू नये? कायदा सक्ती करत नाही म्हणून स्वेच्छेने दार उघडायला कायद्याची मनाईही नाही.

पट्टी सैल करा, अशी आमची मागणी नाही. पट्टी उघड्यावर ठेवा. 20 गुणांचे निकष वर्षाच्या सुरुवातीला फलकावर लावा, दिलेले गुण पालकाला लेखी दाखवा आणि खेड्यातल्या, घरातल्या पहिल्या पिढीच्या मुलांसाठी व्यवस्थापन कोट्यातल्या काही जागा ठेवा.

आणि बांधवांनो, हातावर हात ठेवून बसू नका. शासनाच्या अनुदानावर चालणारी शाळा, मग ती मिशनची असो की मराठ्याची, माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ती परीक्षार्थीला पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2011 मध्येच सांगितले आहे. दहा रुपयांचा अर्ज लागतो. प्रत्येक वाड्यातल्या शिकलेल्या पोराने दहावीच्या मुलांसाठी एवढे एक काम करावे.

टेंभुर्णीची ती मुलगी आता जालन्यात शिकते. तिचा अर्ज मी लिहून दिला नाही, तिनेच लिहिला. मी फक्त कलमे तपासली. जयभीम!