गावाचं एक मत: जिल्हा मध्यवर्ती बँकेचे संचालक कसे निवडले जातात?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आजचा विषय ऐकून काही जण पुढचा भाग लावतील, पण पाच मिनिटं थांबा. तुमच्या घरात सातबारा असेल आणि त्यावर सोसायटीचा बोजा असेल, तर हा विषय तुमचा आहे.

मी मूळचा माढा तालुक्यातला. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बारावीला होतो तेव्हा एका संध्याकाळी घरी फोन आला, "अण्णा, सोसायटीचा ठराव कुणाच्या नावानं झाला?" अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना ठराव झाल्याचंच माहीत नव्हतं. वीस वर्षांचे सभासद, पीककर्ज दरवर्षी वेळेत भरणारे. फोन ठेवून म्हणाले, "आरं, कसला ठराव अन् काय. आपल्याला कोण इचारतंय?" मलाही तेव्हा काही कळलं नाही. जिल्हा बँकेची निवडणूक लागलीय एवढंच कानावर आलं होतं. आमच्या अख्ख्या गावाचं त्या निवडणुकीतलं मत त्या दिवशी देऊन झालं होतं, हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं.

तर आज तेच समजून घेऊ.

आधी नावाचा घोळ

'मध्यवर्ती बँक' म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. देशाची मध्यवर्ती बँक म्हणजे रिझर्व्ह बँक. तिचे संचालक केंद्र सरकार नेमतं, तिथे आपल्या मताचा प्रश्न नाही. 'सोलापूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक' यातलं 'मध्यवर्ती' म्हणजे मधली. खाली गावची विकास सोसायटी, मध्ये जिल्हा बँक आणि वर मुंबईची राज्य सहकारी बँक, जिला आपण शिखर बँक म्हणतो. पैसा वरून खाली येतो: शिखर बँक, जिल्हा बँक, सोसायटी, शेतकरी. आणि मत खालून वर जातं.

ही रचना आली कुठून? 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जाची कागदपत्रं जाळली. तो उठाव नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. शेतकऱ्याला सावकाराशिवाय दुसरीकडून कर्ज मिळालं पाहिजे, हे सरकारला तिथून पुढे हळूहळू मान्य करावं लागलं. 1904 च्या कायद्यानं गावपातळीवर पतसंस्था काढता येऊ लागल्या. 1912 च्या कायद्यानं अशा संस्थांना एकत्र येऊन त्यांची मधली बँक काढायची मुभा मिळाली. आजची शिखर बँक त्याआधी वर्षभर, 1911 मध्ये, विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकारानं सुरू झाली होती.

म्हणजे जिल्हा बँक ही मुळात सोसायट्यांची बँक. तिचे भाग सोसायट्यांकडे असतात, म्हणून मालकही त्याच, मतदारही त्याच आणि कर्जदारही त्याच. हे शेवटचं लक्षात ठेवा, त्यावर परत येतोय.

संचालकांच्या जागा

आपल्याकडे हे सगळं चालतं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली. 97 व्या घटनादुरुस्तीनंतर 2013 मध्ये या कायद्यात मोठे बदल झाले. आता संचालक जास्तीत जास्त 21 आणि मुदत पाच वर्षं. त्यात महिलांसाठी 2 जागा, अनुसूचित जाती-जमातींसाठी 1, इतर मागासवर्गासाठी 1 आणि भटक्या-विमुक्त जाती व विशेष मागास प्रवर्गासाठी 1. निवडणूक घ्यायला स्वतंत्र राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आलं, त्याचं कार्यालय पुण्यात.

उरलेल्या जागा मतदारसंघांत वाटल्या जातात. विकास सोसायट्यांसाठी साधारण तालुक्याला एक जागा. बाकीच्या जागा इतर प्रकारच्या सभासद संस्थांच्या गटांना: नागरी बँका आणि पतसंस्था, प्रक्रिया आणि खरेदी-विक्री संस्था वगैरे. राखीव जागांना मात्र जिल्ह्यातले सगळे मतदार मत देतात.

सोलापूरला 11 तालुके आहेत. तालुक्याला एक धरली तर 11 जागा सोसायट्यांच्या, 5 राखीव, आणि 21 ची मर्यादा धरली तर बाकी गटांना उरतात 5. निवडून आलेले संचालक मग आपल्यातून अध्यक्ष निवडतात.

माढ्याच्या एका जागेवर कोण जाणार, हे ठरवतात तालुक्यातल्या सभासद सोसायट्या. प्रत्येक सोसायटीला एक मत. सोसायटी टेंभुर्णीसारख्या बागायती पट्ट्यातली कोटीत उलाढाल करणारी असो, नाहीतर सीनाकाठची लहानशी असो. भाग किती यावर मत ठरत नाही. कंपनीत जितके शेअर तितकी मतं असतात, सहकारात एक सभासद एक मत.

ठराव म्हणजे काय

आता अडचण अशी की सोसायटी ही काही माणूस नाही. ती मतदान केंद्रावर जाऊन शिक्का कसा मारणार? म्हणून सोसायटीचं संचालक मंडळ बैठक घेऊन ठराव करतं, की अमुक व्यक्ती आमच्या वतीनं मतदान करेल. तो ठराव वर जातो, त्यावरून प्रारूप मतदार यादी लागते, हरकती होतात, अंतिम यादी होते. यादीत संस्थेच्या नावापुढे त्या प्रतिनिधीचं नाव असतं.

एकदा ते नाव लागलं की गावाचं मत त्या एका माणसाच्या हातात गेलं. म्हणून जिल्हा बँकेची खरी निवडणूक मतदानाच्या महिना-दोन महिने आधीच, ठरावाच्या वेळी होते. गावागावांत "ठराव कुणाकडं गेला?" हा प्रश्न त्यासाठीच विचारतात. ठरावधारक मंडळी मतदानाआधी अचानक देवदर्शनाला का जातात आणि थेट मतदानाच्या सकाळीच का उगवतात, तेही त्यामुळेच.

मी धंद्यानं इंजिनिअर, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही. आधी एक खरा निकाल घ्या. नोव्हेंबर 2021, सातारा जिल्हा बँक, जावळी सोसायटी मतदारसंघ. आमदार शशिकांत शिंदे यांचा ज्ञानदेव रांजणे यांनी पराभव केला, 25 विरुद्ध 24 मतांनी. राज्यात मंत्री राहिलेला माणूस एका मतानं पडला! आणि दोघांची मतं मिळून होतात फक्त 49.

आता यात समजा घालू. समजा प्रत्येक सोसायटीत 600 सभासद आहेत. 49 सोसायट्या म्हणजे 29,400 शेतकरी. सोसायटीचं संचालक मंडळ साधारण 13 जणांचं असतं. सगळे हजर असले तर ठराव जिंकायला 7 जण पुरतात. जागा जिंकायला 25 सोसायट्या हव्यात. 25 गुणिले 7, झाले 175.

म्हणजे 29,400 शेतकऱ्यांच्या बँकेतली जागा 175 माणसं ठरवू शकतात. दर 168 सभासदांमागे एक. यात कुणी बेकायदा काही केलेलं नाही. मत एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढताना इतकं आटतं, एवढंच. बाकी 167 जणांत माझे अण्णा होते.

अमेरिकेतही ठरावच

हे आपल्याकडचंच खूळ असेल असं मला वाटायचं. मग अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हबद्दल वाचलं. 1913 च्या कायद्यानं त्यांनी देशात 12 प्रादेशिक रिझर्व्ह बँका काढल्या. प्रत्येकीचे भाग त्या भागातल्या सभासद बँकांकडे असतात आणि प्रत्येकीला 9 संचालक. गंमत म्हणजे तिथेही कायद्यात लिहिलंय की सभासद बँकेच्या संचालक मंडळानं ठराव करून (किंवा पोटनियमात तशी तरतूद करून) आपल्या एका अधिकाऱ्याला मत देण्याचा अधिकार द्यायचा. आपल्या सोसायटीचाच प्रकार!

पण पुढे त्यांनी तीन कुंपणं घातली आहेत.

पहिलं कुंपण आकाराचं. सभासद बँकांचे मोठ्या, मध्यम आणि लहान असे तीन गट करतात. प्रत्येक गट आपापले संचालक निवडतो, त्यामुळे मोठ्या बँका लहानांच्या जागा गिळू शकत नाहीत.

दुसरं कुंपण माणसांचं. 9 पैकी 3 संचालक सभासद बँकांचे प्रतिनिधी, तो 'अ' वर्ग. आणखी 3 जणांनाही सभासद बँकाच निवडतात, पण ते जनतेचे प्रतिनिधी म्हणून, आणि ते कुठल्याही बँकेचे संचालक, अधिकारी किंवा नोकर असून चालत नाहीत. हा 'ब' वर्ग. उरलेले 3 वॉशिंग्टनचं मंडळ नेमतं, तो 'क' वर्ग. अध्यक्ष या 'क' वर्गातूनच येतो.

तिसरं कुंपण 2010 मध्ये घातलं, 2008 च्या आर्थिक संकटानंतर. त्या संकटाच्या काळात जेपी मॉर्गनचे प्रमुख जेमी डायमन न्यूयॉर्कच्या रिझर्व्ह बँकेवर 'अ' वर्गाचे संचालक होते. जिच्यावर देखरेख करायची तिचाच प्रमुख देखरेख करणाऱ्या बँकेच्या मंडळावर, हे कसं? असा ओरडा झाला. त्यानंतरच्या कायद्यानं रिझर्व्ह बँकेचा मुख्य कार्यकारी निवडताना 'अ' वर्गाचं मत काढून घेतलं.

दोन्ही बँकांचं काम वेगळं आहे, हे मान्य. फेड नोटा आणि व्याजदर सांभाळते, आपली जिल्हा बँक पीककर्ज देते. दुखणं मात्र सारखंच: ज्याचा हिशोब तपासायचा, तोच तपासणाऱ्याला निवडतो.

कर्जदारच मालक

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं ते हेच. जिल्हा बँकेत मत देणाऱ्या संस्था बँकेच्या कर्जदारही असतात. सहकाराची मूळ कल्पनाच ती आहे आणि ती चांगली आहे. सावकाराला शेतकरी निवडत नव्हता, या बँकेला निवडतो. पण जिल्हा बँक सोसायट्यांबरोबर मोठ्या सहकारी संस्थांनाही कर्ज देते. कर्ज मागणाऱ्या संस्थेवर आणि कर्ज मंजूर करणाऱ्या मंडळावर तीच माणसं बसली, तर टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस. मग नाही कोण म्हणणार?

यावर कायद्यात उपाय आहेत. थकबाकीदाराला संचालक होता येत नाही. तपासणी नाबार्ड करते. आणि अगदी हाताबाहेर गेलं तर कलम 110 अ आहे: रिझर्व्ह बँकेनं लेखी सांगितलं की निबंधकाला मंडळ बरखास्त करावं लागतं. 2011 मध्ये शिखर बँकेचं मंडळ गेलं. 2018 मध्ये आपल्या सोलापूर जिल्हा बँकेवर प्रशासक आला आणि पुढे कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडेच राहिला.

प्रशासकामुळे शिस्त येते, वसुलीला जोर येतो, यात शंका नाही. पण प्रशासकाला गावानं निवडलेलं नसतं. 175 माणसांची निवडणूक वाईट म्हणावी, तर तीही उरत नाही. ठरावाकडे आपण लक्ष दिलं नाही, तर गोष्ट शेवटी तिथे जाऊन थांबते.

अलीकडचा एक बदल सांगतो. सहकारी बँकेत संचालकानं सलग किती वर्षं राहायचं, याची मर्यादा 8 वर्षांवरून 10 वर्षं झाली आहे, ऑगस्ट 2025 पासून. मर्यादा वाढली, पण मर्यादा आहे, हे महत्त्वाचं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिलेल्या खुर्च्यांचा प्रश्न आता गावागावांत निघणार.

मग आपण करायचं काय?

तीन गोष्टी.

एक, सोसायटीची निवडणूक मनावर घ्या. ते 13 जण निवडताना तुमचं मत थेट असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत.

दोन, जिल्हा बँकेची निवडणूक जाहीर झाली की गटसचिवाला विचारा, "ठरावाची बैठक कधी? नाव कुणाचं?" विचारायला पैसे पडत नाहीत. आणि चार माणसं विचारतात म्हटल्यावर बैठक गुपचूप होत नाही.

तीन, प्रारूप यादी लागली की आपल्या सोसायटीपुढचं नाव बघा. हरकतीची मुदत थोडी असते, ती गेली की पाच वर्षं गेली.

ठेवीदारांसाठी जाता जाता: जिल्हा बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, फेब्रुवारी 2020 पासून. गावच्या सोसायटीतल्या ठेवीला ते नाही. आजीचे पैसे कुठे ठेवलेत, ते एकदा बघून घ्या.

हा भाग करायच्या आधी मी अण्णांना फोन केला होता. 175 चा हिशोब सांगितला. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे त्या सात जणांतला एक मी असतो, तर?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "मग येत्या सोसायटीला फॉर्म भरतो. तू फक्त ते कागद कुठले लागतात तेवढं बघ."

बघतोय. तुम्हीही बघा. भेटू पुढच्या भागात.