खाजगी विद्यापीठ: पत्रकातले पॅकेज आणि घरचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की श्रीरामपुरातल्या अनेक घरांत कोपरगावचे संजीवनी विद्यापीठ घ्यावे की नाशिकजवळचे संदीप, याची तुलना सुरू होते आणि ती बहुधा दोनच आकड्यांवर येऊन थांबते: पहिल्या वर्षाची फी आणि सर्वांत मोठे पॅकेज. दोन्ही आकडे खरे असले तरी त्यांवरून निर्णय घेता येत नाही. चार वर्षांच्या खर्चात फीची दरवर्षीची वाढ, परीक्षा शुल्क, वसतिगृह, मेस हे सगळे येते. कोपरगावला रोज एसटीने जाऊन-येऊन शिकण्याचा विचार तरी करता येतो. नाशिकला राहण्याचा खर्च धरावाच लागतो. त्याहून महागात पडणारा गैरसमज सवलतींचा आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे संपूर्ण शिक्षण शुल्क माफ करणारा शासन निर्णय जुलै 2024 मध्ये निघाला, पण त्यातून खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळली आहेत. म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून संलग्न महाविद्यालयात गेलेल्या मुलीला जे शुल्क माफ होते, तेच खाजगी विद्यापीठात पूर्ण भरावे लागते. म्हणून दोन विद्यापीठांच्या तुलनेत तिसरा रकाना अशा महाविद्यालयाचा हवाच.

उलट बाजूने, खाजगी विद्यापीठाची पदवी सरकारी नोकरीला चालत नाही, असेही छातीठोकपणे सांगितले जाते. हे चूक आहे. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला यूजीसी कायद्याच्या कलम 22 नुसार पदवी देण्याचा अधिकार असतो. फार्मसी किंवा विधी शाखेसाठी मात्र त्या-त्या परिषदेची मान्यता वेगळी तपासावी.

आता पॅकेज. नऊ जणांना 4 लाख आणि एकाला 40 लाख मिळाले, तर सरासरी 7 लाख 60 हजार निघते, पण रांगेच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलाच्या हाती 4 लाखच येतात. हा मध्यक पगार शोधता येतो. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना आपली माहिती संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या तक्त्यात प्रवेश किती, वेळेत उत्तीर्ण किती, नोकरी लागलेले किती, उच्च शिक्षणाला गेलेले किती आणि मध्यक पगार किती, हे ओळीने दिलेले असते. प्रवेश घेतलेल्यांची संख्या आणि नोकरी लागलेल्यांची संख्या शेजारी ठेवा. जाहिरातीतली टक्केवारी कित्येकदा फक्त ‘पात्र’ विद्यार्थ्यांवर काढलेली असते. नव्या विद्यापीठाची पहिली तुकडीच बाहेर पडली नसेल, तर त्याच संस्थेच्या जुन्या महाविद्यालयाचे आकडे त्याच्या नावावर धरू नयेत.

शिक्षणाचे मोल पगारात मोजता येत नाही, मोठ्या शहरात ओळखी होतात, इंटर्नशिप मिळते, असा आक्षेप येईल. तो खराच आहे, आणि ज्या घराला खर्च सहज झेपतो त्याने शहराला जरूर महत्त्व द्यावे. पण 10 लाखांचे कर्ज 10 टक्के व्याजाने 10 वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे 13,200 रुपये पडतो, आणि शिक्षणाच्या काळात साचलेले व्याज त्यात धरलेलेच नाही. वर्षाला 4 लाखांच्या नोकरीतून पुण्यातले खोलीभाडे वजा करून हा हप्ता निघतो का, ते प्रवेशाची अनामत भरण्यापूर्वी मुलासोबत बसून कागदावर मांडावे.