तापक तार : जाडीची निवड

विद्युत् प्रवाह वाहून नेताना स्वतः तापून सभोवती उष्णता देणाऱ्या तारेस तापक तार म्हणतात. विद्युत् शेगडी, इस्तरी, पाणी तापविण्याची सळई, केस वाळविण्याचे यंत्र, नवजात अर्भकास ऊब देणारा तापक, औद्योगिक भट्टी व अलीकडच्या काळातील विद्युत् सिगारेट ही सर्व साधने अशा तारेच्या लहानमोठ्या वेटोळ्यांवर चालतात. तार कोणत्या धातूची घ्यावी याचा विचार बहुधा केला जातो. ती किती जाड घ्यावी याकडे मात्र दुर्लक्ष होते. वस्तुतः तारेची लांबी, तिचे तापमान, तापण्यास लागणारा वेळ, आयुष्य आणि विद्युत् उद्गमावर पडणारा भार या सर्व गोष्टी जाडीशी निगडित असतात. प्रस्तुत नोंदीत या निवडीमागील तत्त्वांचे विवेचन केले असून काही उदाहरणे भंडारा जिल्ह्यातील घेतली आहेत.

मूलतत्त्वे : तारेतील प्रवाह, तिच्या टोकांमधील विद्युत् दाब व तिचा रोध यांतील संबंध गेओर्ख झिमोन ओहम या जर्मन भौतिकीविज्ञांनी १८२७ मध्ये मांडला. प्रवाहामुळे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते, हा नियम जेम्स प्रेस्कट जूल या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८४०–४१ मध्ये प्रयोगांनी सिद्ध केला. तारेचा रोध तिच्या लांबीच्या सम प्रमाणात आणि काटच्छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. काटच्छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तारेचा व्यास दुप्पट केल्यास तेवढ्याच लांबीचा रोध एकचतुर्थांश होतो.

द्रव्ये : तापक तारेच्या धातूची रोधकता जास्त असावी लागते, अन्यथा आवश्यक रोधासाठी फार लांब तार लागते. तसेच लाल होईपर्यंत तापूनही तिचे हवेत झपाट्याने ऑक्सिडीभवन होऊ नये. भंडारा शहर ज्या पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, ते पितळ या कामास निरुपयोगी आहे. त्याची रोधकता अल्प असते आणि ते सुमारे ९०० ते ९५० से. तापमानाच्या आसपास वितळते. मात्र या सुवाहकतेमुळेच तापक तारेची टोके जोडण्याचे खिळे व पट्ट्या पितळेच्या करतात.

पूर्वी वापरण्यात येणारी लोखंडी तार लवकर गंजून जाई आणि प्लॅटिनमची तार फार महाग पडे. अमेरिकेतील ॲल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे एकस्व मिळाले आणि घरगुती विद्युत् तापक साधनांचा खरा प्रसार त्यानंतर झाला. सुमारे ८० टक्के निकेल व २० टक्के क्रोमियम असलेल्या या मिश्रधातूस निक्रोम म्हणतात. त्याची रोधकता तांब्याच्या साठपटींहून अधिक असते. तापल्यावर त्याच्या पृष्ठावर क्रोमियम ऑक्साइडाचा घट्ट चिकटून राहणारा थर तयार होतो व तो आतील धातूचे रक्षण करतो. लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांचा कांथाल हा स्वीडनमध्ये विकसित झालेला मिश्रधातू याहूनही उच्च तापमानास टिकतो. परंतु दीर्घकाळ तापल्यावर तो ठिसूळ होतो. लाल होईपर्यंत तापविल्यास निक्रोमाचा रोध केवळ काही टक्क्यांनीच वाढतो. त्यामुळे थंड स्थितीतील रोधावरून केलेली गणिते व्यवहारात पुरेशी ठरतात.

जाडीची मापे : भारतीय बाजारात तारेची जाडी अजूनही अनेकदा मिलिमीटरऐवजी गेज क्रमांकाने सांगितली जाते. क्रमांक जितका मोठा तितकी तार बारीक असते. ब्रिटिश प्रमाण तार गेज १८८४ पासून अमलात आले, तर अमेरिकेत वेगळी क्रमवारी रूढ आहे. ब्रिटिश मापाप्रमाणे २४ क्रमांकाच्या तारेचा व्यास ०·५५९ मिमी., तर अमेरिकी मापाप्रमाणे त्याच क्रमांकाच्या तारेचा व्यास ०·५११ मिमी. असतो. फरक किरकोळ दिसला, तरी दुसऱ्या तारेचा रोध पहिलीपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी अधिक असतो. म्हणून तार घेताना क्रमांकाबरोबर तो कोणत्या मापाचा आहे हे पाहावे किंवा सूक्ष्ममापकाने व्यास प्रत्यक्ष मोजावा.

पृष्ठभार : तारेत निर्माण झालेली उष्णता तिच्या पृष्ठातूनच बाहेर पडते. म्हणून तार किती तापेल हे केवळ एकूण शक्तीवर अवलंबून नसते. पृष्ठाच्या दर चौ. सेंमी. मधून किती वॉट शक्ती बाहेर पडावी लागते, यालाही महत्त्व असते. या राशीस पृष्ठभार म्हणतात. पृष्ठभार जास्त असेल, तर तेवढी उष्णता बाहेर टाकण्यासाठी तार अधिक तापते.

घरगुती २३० व्होल्ट दाबावर १,००० वॉट शक्तीची शेगडी चालवावयाची असल्यास तारेचा रोध ५२·९ ओहम व प्रवाह सु. ४·३५ अँपिअर असावा लागतो. हा रोध निरनिराळ्या जाडीच्या निक्रोम तारांनी साधता येतो. पण त्यांचे परिणाम फार भिन्न असतात. ब्रिटिश गेजप्रमाणे काढलेले अंक पुढील कोष्टकात दिले आहेत.

| गेज क्रमांक | व्यास (मिमी.) | दर मीटर रोध (ओहम) | लागणारी लांबी (मी.) | पृष्ठभार (वॉट प्रति चौ. सेंमी.) |
|---|---|---|---|---|
| २२ | ०·७११ | २·७५ | १९·३ | २·३ |
| २४ | ०·५५९ | ४·४४ | ११·९ | ४·८ |
| २६ | ०·४५७ | ६·६५ | ८·० | ८·८ |
| २८ | ०·३७६ | ९·८२ | ५·४ | १५·७ |

चारही शेगड्या सारखीच वीज घेतील व सारखीच उष्णता देतील. तथापि २८ क्रमांकाच्या तारेला प्रत्येक चौ. सेंमी. मधून २२ क्रमांकाच्या तारेच्या जवळजवळ सातपट उष्णता बाहेर टाकावी लागेल. ती अतिशय तापून लवकर जळून जाईल. उलट २२ क्रमांकाची तार दीर्घकाळ टिकेल. परंतु तिची सु. १९ मी. लांबी शेगडीच्या खाचांत बसविणे अवघड जाईल आणि खर्चही वाढेल. म्हणून मधल्या जाडीची तार निवडावी लागते.

यावरून निघणारा नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दाब व शक्ती कायम ठेवल्यास तारेची लांबी व्यासाच्या वर्गाच्या, तिचे पृष्ठ व्यासाच्या घनाच्या आणि तिचे वजन व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलते. व्यास निम्मा केला, तर पृष्ठ एकअष्टमांश आणि वजन एकषोडशांश होते. व्यासातील केवळ १० टक्के घटीनेही पृष्ठभार सु. ३७ टक्क्यांनी वाढतो. वजन कमी असलेली तार चटकन तापते व चटकन निवते. क्षणात तापावयाच्या साधनात हा गुण ठरतो. ज्या साधनात उष्णता स्थिर राहावयास हवी, त्यात तो दोष होतो.

जाड तार अधिक तापते की कमी? : या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे ऐकू येतात आणि दोन्ही आपापल्या परीने बरोबर असतात. रोध तोच ठेवून जाड तार घेतल्यास तिची लांबी वाढवावी लागते, पृष्ठ वाढते व तार कमी तापते. मात्र लांबी तीच ठेवून जाड तार बसविल्यास रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि दाब कायम असेल तर पृष्ठभार व्यासाच्या सम प्रमाणात वाढतो. म्हणजे जाड तार अधिक तापते. जळालेल्या वेटोळ्याच्या जागी ‘जरा मजबूत’ म्हणून तेवढ्याच लांबीची जाड तार बसविणे ही म्हणूनच सर्वांत घातक चूक होय. जाडीचा निर्णय लांबीपासून वेगळा काढून घेता येत नाही.

याच कारणाने तुटलेल्या तारेचा खराब भाग काढून उरलेली टोके पिळून जोडणेही धोक्याचे असते. लांबीचा एकपंचमांश भाग गेल्यास १,००० वॉटची शेगडी १,२५० वॉट शक्ती घेऊ लागते आणि पृष्ठ घटल्याने पृष्ठभार दीडपटींहून अधिक होतो. पिळलेल्या जोडाचा स्वतःचा रोध असल्याने तेथे आणखी उष्णता निर्माण होते व तार बहुधा तेथेच पुन्हा तुटते. तारेवर चीर पडली असल्यासही असेच घडते. त्या जागी काटच्छेद कमी, म्हणून रोध व उष्णता अधिक. उष्णतेमुळे ऑक्सिडीभवन अधिक आणि त्यामुळे काटच्छेद आणखी कमी, असे चक्र सुरू होते.

वेटोळे : तार सळईभोवती गुंडाळून स्प्रिंगसारखे वेटोळे करतात. वेटोळ्याचा व्यास तारेच्या व्यासाच्या सु. ५ ते ७ पट ठेवणे सोयीचे असते. फार मोठे वेटोळे तापल्यावर मऊ होऊन झुकते, तर फार लहान वेटोळ्यात तारेवर ताण पडतो. दोन वेढ्यांमध्ये किमान तारेच्या जाडीएवढी मोकळी जागा हवी. वेटोळे सर्वत्र सारखे ताणलेले नसल्यास दाट भागातील वेढे एकमेकांस तापवितात व तो भाग आधी जळतो.

विद्युत् सिगारेटमधील वेटोळे : भंडारा आणि १९९९ पर्यंत त्याचाच भाग असलेला गोंदिया हे जिल्हे तेंदूची पाने व विडी वळण्याचा व्यवसाय यांसाठी ओळखले जातात. विडीत तंबाखू प्रत्यक्ष जळते. विद्युत् सिगारेटमध्ये ज्वलन अभिप्रेत नसते. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन व बहुधा निकोटीन यांचे मिश्रण कापसाच्या वातीतून वेटोळ्यापर्यंत येते व तेथे त्याची वाफ होते. विडीहून हे साधन निर्धोक असल्याचा समज मात्र चुकीचा आहे. निकोटीन व्यसन लावते. वात कोरडी पडली किंवा तार प्रमाणाबाहेर तापली, तर द्रवाचे अपघटन होऊन फॉर्माल्डिहाइडासारखी अपायकारक द्रव्ये निर्माण होतात. तारेतील निकेल व क्रोमियम यांचे अंशही वाफेत आढळले आहेत. भारतात २०१९ च्या कायद्याने अशा साधनांचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांवर बंदी घालण्यात आली आहे. परदेशांत काही वापरणारे असे वेटोळे घरी वळतात आणि जाडीच्या निवडीतील चूक तेथे किती महाग पडते, हे गणिताने दाखविता येते.

निक्रोमाची ०·३२ मिमी. व्यासाची ७·४ सेंमी. तार सु. १ ओहम रोध देते आणि ३·७ व्होल्टच्या लिथियम घटातून ३·७ अँपिअर प्रवाह घेते. तेवढ्याच लांबीची ०·५१ मिमी. व्यासाची तार घेतल्यास रोध ०·४ ओहमपर्यंत उतरतो व प्रवाह ९ अँपिअरांवर जातो; घट पूर्ण भारित असेल, तेव्हा तो १० अँपिअरांहून अधिक होतो. डोळ्यांना जेमतेम जाणवणाऱ्या या फरकाने घटावरील भार अडीचपट होतो.

विद्युत् उद्गमाची मर्यादा : येथे उद्गमाचा अंतर्गत रोध महत्त्वाचा ठरतो. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील खाणीत सापडणारे मँगॅनीज डाय-ऑक्साइडयुक्त धातुक कोरड्या घटांच्या उद्योगात वापरले जाते. विजेरीतील अशा कोरड्या घटाचा अंतर्गत रोध तुलनेने जास्त असतो. प्रवाह वाढू लागताच त्याचा दाब ढासळतो आणि चुकीची तार जोडली, तरी तो एका अर्थी स्वतःलाच आवर घालतो. लिथियम घटाचा अंतर्गत रोध ओहमच्या काही शतांश भागांएवढाच असल्याने त्यातून कित्येक अँपिअर प्रवाह क्षणात वाहू शकतो. घटाची मर्यादा ओलांडल्यास तो आतून तापून फुटतो किंवा पेट घेतो. घरातील वीजपुरवठ्याचा अंतर्गत रोधही असाच अल्प असतो. तेथे हा आवर फ्यूज किंवा स्वयंचलित खटका घालतो. वारंवार जळतो म्हणून फ्यूजमध्ये जाड तार घालणारी व्यक्ती हे संरक्षणच काढून टाकते.

सुरक्षितता : तापक तार योग्य जाडीची असली, तरी तिला जोडलेल्या वाहक तारा, टोकांचे जोड, निरोधक व नियंत्रक तेवढा प्रवाह सहन करणारे असावे लागतात. जोड सैल झाल्यास तेथे ठिणग्या पडतात. तारेचा आधार अभ्रक, चिनी माती किंवा उच्चतापसह माती यांचाच असावा आणि कापड, प्लॅस्टिक, फेस-रबर यांसारखी ज्वालाग्राही द्रव्ये दूर ठेवावीत. ऑक्सिजनाचे प्रमाण वाढलेल्या जागी लहान ठिणगीही भयंकर ठरते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षात लागलेल्या आगीत १० अर्भके मृत्युमुखी पडली. अर्भकांना ऊब देणाऱ्या तापकाच्या विद्युत् मंडलात आगीचा उगम झाल्याचे चौकशीनंतर राज्य शासनाने सांगितले होते. तापक तारेइतकीच तिच्या संपूर्ण मंडलाची नियमित तपासणी आवश्यक असते, याची ही दुःखद साक्ष होय.

निवडीचा क्रम : व्यवहारात प्रथम उद्गमाचा दाब व तो सुरक्षितपणे देऊ शकेल असा कमाल प्रवाह निश्चित करावा. त्यावरून शक्ती व रोध ठरवावा. नंतर तार उघड्या हवेत, खाचेत की द्रवात राहणार आहे हे पाहून पृष्ठभाराची मर्यादा घालावी. वाहती हवा किंवा द्रव उष्णता लवकर वाहून नेत असल्याने तेथे ही मर्यादा अधिक, तर बंदिस्त जागेत ती कमी ठेवतात. या मर्यादेत बसणारी जाडी कोष्टकावरून घ्यावी, तीवरून लांबी काढावी व शेवटी ती उपलब्ध जागेत मावते का हे पाहावे. लांबी मावत नसल्यास तीच तार तोडून आखूड करू नये. मिश्रधातू, जाडी किंवा शक्ती बदलून सर्व गणित पुन्हा करावे. वेटोळे तयार झाल्यावर वीज जोडण्यापूर्वी रोधमापकाने त्याचा रोध मोजावा. अपेक्षेपेक्षा रोध कमी आल्यास कोठेतरी वेढे एकमेकांस चिकटले आहेत किंवा तारेची जाडी वेगळी आहे असे समजावे आणि दोष सापडेपर्यंत वीज जोडू नये.