जहाज आणि आडत



चाकूरच्या व्यासपीठावर उभे राहून समुद्राविषयी बोलायचे म्हणजे लोक हसणारच. येथून समुद्र पाहायचा तर रात्रभर गाडीत बसावे लागते, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी तो पहिल्यांदा पाहिला तो मुंबईच्या इस्पितळात कोणा आप्ताला नेले तेव्हा. शिवाय मी काही या विषयातला विद्वान नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली, लातूरच्या मार्केट यार्डात पोती वाहिली, आणि जे थोडे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटाच्या आधाराने झाले. परंतु पाठीवर पोते घेणाऱ्या माणसाला एक प्रश्न केव्हा ना केव्हा पडतोच. हे पोते आले कोठून, चालले कोठे, आणि त्याचा भाव ठरवला कोणी? या प्रश्नाचा माग काढत गेलो आणि शेवटी जाऊन पोहोचलो समुद्रावर.

२०२१ सालची गोष्ट आठवा. त्या वर्षी जुलै-ऑगस्टात लातूरला सोयाबीनचा सौदा क्विंटलला १० हजारांच्या आसपास निघत होता. असा भाव कोणी पाहिला नव्हता. ज्यांच्या घरात थोडाफार जुना माल शिल्लक होता त्यांनी मुलीच्या लग्नाची तारीख काढली, आणि ज्यांचे पीक अजून शेतात उभे होते त्यांनी मनातल्या मनात ट्रॅक्टर घेतला. परंतु कोंबड्यांना खाद्य घालणाऱ्या व्यापाऱ्यांना हा भाव परवडेना. ऑगस्टात सरकारने १२ लाख टन सोयापेंड परदेशातून आणायला परवानगी दिली. नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आला. एकट्या पेंडीनेच तो पाडला असे मी म्हणणार नाही. नवा मालही त्याच सुमारास येत होता. पण जहाज येणार ही नुसती बातमीसुद्धा आडतीवर किती वजनाची असते, हे त्या दोन महिन्यांत आपण सर्वांनी पाहिले.

तुरीचेही तेच. १५ मे २०२१ रोजी तुरीची आयात खुली झाली. ब्रह्मदेश, मोझांबिक, टांझानिया, मलावी या देशांतली तूर जहाजाने आपल्या किनाऱ्याला लागते. २०२३ च्या अखेरीस मोझांबिकच्या नकाला बंदरात कोर्टकज्जांमुळे तूर अडकून पडली, तेव्हा तिकडल्या भांडणाची चर्चा आपल्या डाळमिलच्या ओट्यावर चालली होती. आफ्रिकेच्या नकाशावर ज्याला बोट ठेवता येणार नाही असा माणूससुद्धा विचारीत होता, "काय हो, नकालाचे काही कळले का?"

येथे माझी स्वतःची एक अडचण आहे आणि ती मी लपवीत नाही. माझ्या युनियनचा हमाल संध्याकाळी पावशेर डाळ विकत घेतो. त्याला डाळ स्वस्त पाहिजे. त्याचाच थोरला भाऊ गावी तीन एकरांत तूर पेरतो. त्याला तूर महाग विकली गेली पाहिजे. जहाज एका भावाच्या ताटात डाळ वाढते आणि दुसऱ्याच्या पदरातून काढून घेते. "आयात बंद करा" किंवा "आयात खुली करा" अशी एका ओळीची घोषणा म्हणूनच मला कधी साधली नाही. मात्र पेरणीच्या आधी एक धोरण आणि काढणीच्या वेळी दुसरे, हे जे होते ते दोघाही भावांवर अन्यायाचे आहे, इतके मी कोणत्याही सभेत सांगेन.

आता कोणी म्हणेल, इतक्या दूरचा माल आपल्या मालापेक्षा स्वस्त पडतोच कसा? याचे कारण पाण्यात आहे. भरलेली नाव दोन माणसे काठावरून दोरीने ओढत नेतात. तेवढेच ओझे गाडीत घाला, चार बैलांनीही चाक हलणार नाही. पाणी ओझे उचलून धरते, वाटेत घाट नाही, चढ नाही, रस्ता बांधावा लागत नाही. घाई नसली की इंधनही बेताचेच लागते. आणि नाव जितकी मोठी तितका दर टनामागे खर्च कमी. मध्यम आकाराच्या एका मालवाहू जहाजात ५० हजार टन धान्य सहज बसते. २० टनी ट्रकांत ते भरायचे तर अडीच हजार ट्रक लागतील. आमच्या भाषेत सांगायचे तर ५० किलोची १० लाख पोती झाली. दिवसाला २०० पोती वाहणारा हमाल एकटा लावला तर त्याला ५ हजार दिवस, म्हणजे सणवार धरून सोळा-सतरा वर्षे लागतील. एवढे ओझे समुद्रावरून नेणारी माणसे किती? वीस-पंचवीस.

जगातल्या व्यापाराचा वजनाने ८० टक्क्यांहून अधिक माल याच रीतीने हलतो, आणि आपल्या देशाच्या परदेशी व्यापाराचा तर वजनाने सुमारे ९५ टक्के. सकाळच्या फोडणीतले पामतेल इंडोनेशिया-मलेशियाहून, एसटीतले डिझेल ज्या कच्च्या तेलातून निघते ते बहुतेक परदेशातून, मृगाच्या तोंडावर ज्याच्यासाठी आपण रांगेत उभे राहतो त्या खतातले पोटॅश तर जवळजवळ सगळे जहाजाने आलेले. मार्च २०२१ मध्ये सुएझच्या कालव्यात एकच जहाज आडवे फसले आणि सहा दिवस वाट बंद झाली, तर दोन्ही बाजूंना शेकडो जहाजे खोळंबली. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेली. वाट दहा-पंधरा दिवसांनी लांबली आणि भाडे वाढले.

मराठवाड्याला समुद्र नाही म्हणून हे सारे नवे आहे असे मात्र समजू नका. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर आहे. गोरोबाकाकांचे म्हणून आपण तेथे जातो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने बंदरांची आणि मालाची माहिती लिहून ठेवली, त्यात पैठणचे आणि 'तगर'चे नाव आहे. हे तगर म्हणजे आपले तेर. पैठणचे अकीकासारखे दगड आणि तगरचे कापड, मलमल, गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जाई, असे तो लिहितो. भडोचपासून पैठण वीस दिवसांवर आणि तेथून तगर आणखी दहा दिवसांवर, हेही तो सांगतो. इटलीत इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती तेरला मिळाली आहे. जमले तर तेरचे संग्रहालय पाहून या. गोरोबांच्या दर्शनाला जाणारे पुष्कळ जण त्याच्या दारावरून परत येतात. त्या गाड्या हाकणाऱ्यांची आणि ते कापड विणणाऱ्यांची नावे मात्र त्या ग्रीकाने लिहिली नाहीत.

आधुनिक काळात जहाज कोणाचे, यावर भाडे कोणाचे हे ठरू लागले. आपल्या समुद्रावर इंग्रजी कंपन्यांची मक्तेदारी होती. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंधिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. त्या कंपनीच्या उभारणीत पुढे होते ते वालचंद हिराचंद, जन्माने सोलापूरचे, म्हणजे आपल्या शेजारचे. इंग्रजी कंपन्यांनी भाडे इतके पाडले की नवी कंपनी बुडावी. ती तगली. वालचंद भांडवलदार होते, माझ्या पंथाचे नव्हते, पण दुसऱ्याच्या जहाजावर ज्याचा माल त्याची मान दुसऱ्याच्या हातात, हे त्यांना कळले होते. त्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय नौवहन दिन पाळतात. एवढे होऊनही आज आपल्या देशाच्या परदेशी मालाचा दहावा हिस्साही आपल्या झेंड्याच्या जहाजांवरून जात नाही.

गोदीतल्या माणसांविषयी सांगितल्याशिवाय माझ्याच्याने पुढे जाववणार नाही, कारण ते आमचे सख्खे भाऊबंद. मुंबईच्या गोदीत पूर्वी टोळीवाला माणसे उभी करी. ज्याच्यावर मर्जी त्याला काम, बाकीच्यांनी फाटकावरून घरी जायचे, आणि ज्याला काम मिळे त्याच्या मजुरीतही टोळीवाल्याचा वाटा. १९४८ चा गोदी कामगार कायदा आणि पी. डिमेलो यांच्यासारख्यांनी बांधलेली संघटना यांनी ती पद्धत मोडत आणली. नोंदणी झाली, हजेरीची हमी आली. आणि तिकडे अमेरिकेत २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' नावाच्या एका जुन्या जहाजावर ५८ लोखंडी पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेण्यात आल्या. तोच कंटेनर. सुटा माल चढवायला टनाला ५ डॉलर ८६ सेंट पडत, तेथे या पेट्यांमुळे १६ सेंटांच्या आत काम झाले. आठवडाभर धक्क्याला राहणारे जहाज दिवसा-दीड दिवसात सुटू लागले. २६ मे १९८९ रोजी न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले. पुढे पेट्या तिकडे गेल्या आणि जुन्या मुंबई गोदीतली माणसे हजारोंनी कमी झाली.

पोते वाहणे पवित्र आहे असे माझे मत नाही. माझे दोन मणके झिजले आहेत. यंत्राने ओझे उचलले तर मला आनंदच आहे. मी फक्त विचारतो की पावणेसहा डॉलरांचे १६ सेंट झाले तेव्हा मधले पैसे कोणाच्या खिशात गेले, आणि ज्याचा हूक खुंटीला लागला त्याच्या मुलांचे काय झाले.

आता खलाशी. कोकणातल्या रत्नागिरीची आणि गोव्याची माणसे पिढ्यान्पिढ्या जहाजावर गेली. गोव्याच्या गावांनी मुंबईत धोबीतलावाला आपापले 'कूड' काढले, जेथे जहाज मिळेपर्यंत गावचा माणूस स्वस्तात राहावा. त्यांच्या गावात अनुभवी माणसे असतात, कोणता एजंट खोटा हे म्हातारी बाईसुद्धा सांगते. आपल्याकडे तो वारसा नाही, आणि आता आपली मुले त्या वाटेला लागली आहेत.

आमच्या एका हमाल सभासदाच्या मुलाची हकीकत सांगतो. नवी मुंबईतल्या एका एजंटाला बापाने जमीन गहाण टाकून ४ लाख रुपये दिले. पावती नाही. पोराला आखातातल्या एका जुनाट जहाजावर चढवले. तीन महिने पगार आला, मग थांबला. मालक फोन घेईना. जहाज बंदराबाहेर नांगरून उभे, पासपोर्ट कप्तानाकडे, पिण्याचे पाणी मोजून. सात महिन्यांनी पोरगा घरी आला तेव्हा त्याचा बाप मला म्हणाला, "अण्णा, समुद्राला दार नसतंय हो. उडी मारून कुठं जावं लेकरानं?" ही गोष्ट एकट्याची नाही. २०२० च्या साथीत जगभर सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजावर अडकले होते. २०२४ साली मालकांनी वाऱ्यावर सोडलेले खलाशी ३ हजारांहून अधिक होते, आणि त्यांत सर्वांत जास्त आपले भारतीय.

त्या पोराला एक गोष्ट कोणीच सांगितली नव्हती. खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला, २०१३ पासून लागू झाला, २०१५ साली भारताने तो मान्य केला. त्या करारात २०१७ पासून अशी तरतूद आहे की दोन महिन्यांचा पगार थकला तर मालकाने खलाशाला सोडून दिले असे धरता येते, आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार व घरी परतण्याचा खर्च विम्यातून मागता येतो. त्या विम्याचा दाखला जहाजावर सर्वांना दिसेल असा लावलेला असला पाहिजे. पोरगा सात महिने त्या जहाजावर होता. असा कागद भिंतीवर होता की नव्हता हे त्याला आठवत नाही, कारण तो शोधायचा असतो हेच ठाऊक नव्हते.

तेव्हा ज्यांच्या घरचा मुलगा या वाटेने निघाला असेल त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्याची एजंटाला कायद्याने मनाई आहे. जो पैसे मागतो तो तेथेच खोटा ठरला. एजंटाला नौवहन खात्याचा परवाना लागतो आणि त्याचा नंबर पडताळून पाहता येतो. जहाजाचे नाव, मालकाचे नाव आणि झेंडा कोणत्या देशाचा, हे तिन्ही करारावर लिहिलेले असले पाहिजे. पनामा किंवा लायबेरियाचा झेंडा पाहून घाबरू नका, जगातली पुष्कळ जहाजे त्याच झेंड्यांखाली चालतात. पण मालक मग तिसऱ्याच देशात असतो, म्हणून त्याचा पत्ता निघण्याआधी घ्यायचा. आणि कराराची एक प्रत घरी, आईच्या पेटीत ठेवायची.