हार्टलपूलला तरंगतेय मुंबईची ‘त्रिंकोमाली’

ब्रिटनची आजही पाण्यावर असलेली सर्वांत जुनी युद्धनौका कुठे बांधली गेली, सांगा पाहू? पोर्ट्समथ? चूक. प्लिमथ? तेही चूक. आपल्या मुंबईत! ‘एचएमएस त्रिंकोमाली’ तिचं नाव. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं बंदर आहे. तिथल्या रॉयल नेव्हीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ती उभी असते आणि तिकीट काढलं की थेट तिच्या डेकवर चढता येतं. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची ‘व्हिक्टरी’ वयाने मोठी खरी, पण ती 1922 पासून सुक्या गोदीत आहे. लंडनला जाणारी आपली मंडळी बकिंगहॅम पॅलेस आणि टॉवर ब्रिज पाहून परततात. त्यांनी एक दिवस हार्टलपूलसाठी काढायलाच हवा.

नकाशे निघाले, पोचलेच नाहीत

नेपोलियनशी युद्ध ऐन भरात होतं. इंग्लंडात ओक लाकडाची टंचाई, मुंबईत मात्र मलबारचा सागवान आणि वाडियांसारखे कसबी कारागीर. म्हणून 1812 मध्ये जहाजाचं काम मुंबईला द्यायचं ठरलं आणि नकाशे ‘एचएमएस जावा’वरून रवाना झाले. 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ची गाठ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी पडली. अमेरिकनांनी लढाई जिंकली आणि खिळखिळी झालेली ‘जावा’ जाळून टाकली. नकाशेही तिच्याबरोबर गेले!

गंमत पुढेच आहे. त्याच ‘जावा’वर थॉमस हिस्लॉप हा सेनाधिकारी होता. मुंबईच्या लष्कराचा प्रमुख म्हणून तो निघाला होता, तो अमेरिकनांचा कैदी झाला. पुढे सुटला, मद्रासचा सरसेनापती झाला आणि 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध इंग्रजांचं नेतृत्व त्यानेच केलं. म्हणजे शाळेच्या इतिहासात आपण जी लढाई वाचली, तिचा इंग्रज सेनापती पाच वर्षांपूर्वी या नौकेच्या नकाशांबरोबर प्रवास करत होता. आणि ती ‘कॉन्स्टिट्यूशन’? तीही बॉस्टनला आजही तरंगते आहे.

पेशवाईच्या शेवटच्या महिन्यांत

नकाशांचा दुसरा संच आला, 1816 मध्ये काम सुरू झालं. बांधणारे होते जमशेदजी बोमनजी वाडिया. 1736 मध्ये लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून या पारशी घराण्याने गोदीत पिढ्यान् पिढ्या जहाजं बांधली. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तोच 5 नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. इकडे मुंबईत नवी नौका समुद्रात, तिकडे पुण्यात पेशवाईची घरघर. एकाच मोसमातल्या या दोन घटना आपण कधी एकत्र वाचतच नाही!

वाटेत सेंट हेलेना

इंग्लंडला जाताना 1819 च्या जानेवारीत नौका सेंट हेलेना बेटावर थांबली. बेटावर कैदी कोण, तर खुद्द नेपोलियन! तिथून ती एक जादा प्रवासी घेऊन निघाली : जॉन स्टोको, नुकताच नेपोलियनवर उपचार करून आलेला सर्जन. ज्याच्याशी लढायला नौका मागवली, त्याचा डॉक्टर तिच्यावर पाहुणा. पोर्ट्समथला पोचेपर्यंत वॉटर्लू होऊन जवळजवळ चार वर्षं लोटली होती. काम काहीच नव्हतं. मग ती पंचवीसहून अधिक वर्षं बंदरात नुसती बांधून ठेवली गेली. पहिली खरी मोहीम 1847 मध्ये.

मग एवढं टिकलं कसं?

सागवानामुळे, आणि हे खालच्या मजल्यावर उतरलं की पटतं. सागाच्या अंगातच तेल असतं, त्यामुळे पाणी आणि कीड लवकर आत शिरत नाही. शिवाय ओकच्या लाकडातल्या आम्लामुळे लोखंडी खिळे-बोल्ट गंजतात, सागात ते कितीतरी जास्त टिकतात. दुरुस्त्या अनेक झाल्या, तरी सांगाड्यातलं निम्म्याहून अधिक लाकूड मुंबईहून आलेलंच आहे. जाड, काळसर तुळयांवर हात ठेवून बघा. जमशेदजींच्या सुतारांनी तासलेलं लाकूड ते हेच.

त्याच मजल्यावर झोळ्या टांगलेल्या दिसतील. नौदलाच्या हिशेबाने एका खलाशाच्या वाट्याला जागा 14 इंच! निम्मे लोक पहाऱ्यावर असत म्हणून शेजारची झोळी रिकामी मिळे, तेवढाच दिलासा. छत इतकं बुटकं की उंच माणसाने वाकूनच चालावं. वर येऊन नाळेकडे गेलात की डोईला पगडी असलेला पुरुषाचा पुतळा दिसेल. तोही सोडू नका.

भंगारातून परत

1897 मध्ये ही नौका भंगारात विकली गेली होती. त्याच वर्षी जेफ्री व्हीटली कॉब या श्रीमंत गृहस्थाची ‘फूद्रॉयां’ ही नेल्सनची जुनी नौका ब्लॅकपूलला वादळात फुटली. मुलांना दर्यावर्दी शिक्षण द्यायला त्याला दुसरं जहाज हवं होतं. त्याने ‘त्रिंकोमाली’ विकत घेतली, नाव ‘फूद्रॉयां’च ठेवलं. 1986 पर्यंत तिच्यावर मुलं शिकत राहिली. 1987 मध्ये तिला तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणलं, 2001 पर्यंत दुरुस्ती चालली आणि मूळ नाव परत मिळालं.

तिची मुंबईकर भावंडं गेली, पण नाव करून गेली. ‘एचएमएस एशिया’ 1827 च्या नावारिनोच्या लढाईत ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. 1842 मध्ये ज्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग ब्रिटिशांना मिळालं, त्यावर सह्या झाल्या ‘एचएमएस कॉर्नवॉलिस’वर. तीही मुंबईच्याच गोदीतली. आपल्या पाठ्यपुस्तकांत यातलं एक वाक्यसुद्धा नाही, याचं वाईट वाटतं.

आणि माकड?

हार्टलपूलला गेलात की माकडाची गोष्ट कानावर येणारच. आख्यायिका अशी : नेपोलियनच्याच काळात एक फ्रेंच जहाज इथे फुटलं, वाचलं फक्त गणवेश घातलेलं एक माकड. गावकऱ्यांनी फ्रेंच माणूस कधी पाहिलेला नव्हता. हाच हेर, असं समजून त्यांनी त्याला फासावर दिलं. गावाच्या फुटबॉल क्लबने पुढे माकडालाच आपला शुभंकर केलं. 2002 मध्ये तो माकडाचा वेश घालणारा तरुण, स्टुअर्ट ड्रमंड, महापौरपदाला उभा राहिला. आश्वासन एकच : शाळकरी मुलांना फुकट केळी. निवडून आला, आणि 2005 आणि 2009 मध्ये पुन्हा!