घरची बाग (भाग ९) : पिंपातला पाऊस

मागच्या भागात कुंडीत भरायच्या मातीचे मिश्रण पाहिले. आता त्या मातीला द्यायच्या पाण्याकडे वळू. पावसाचे पाणी साठवा, असा सल्ला सगळेच देतात. पण ते किती साठते आणि कशासाठी राखून ठेवायचे, हे फारसे कुणी सांगत नाही.

एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि गच्चीचा फक्त २० चौरस मीटरचा उतार एका पन्हळीकडे वळवला, तर उडणारे, मुरणारे वजा जाऊनही अकरा हजार लिटरच्या आसपास पाणी वाहून येते. त्यासमोर आपले पिंप २०० लिटरचे, एका बऱ्या सरीत भरणारे. पंचवीस कुंड्यांना रोज लिटर-लिटर घातले तर आठ दिवसांत रिकामे. म्हणजे या पिंपावर उन्हाळा निघणार नाही. तशी आशा दाखवून पिंप गळ्यात मारणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

मग ते ठेवायचे कशाला? मोगऱ्याची कोवळी पाने नीट बघा. पान पिवळे पडलेले आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसले तर बहुतेकदा ती लोहाची कमतरता असते. मातीत लोह असते, पण मुळांना घेता येत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीतल्या मातीचा सामू चढत जातो आणि लोह अडकून पडते. कुंडीच्या काठावर आणि बाहेरून धरणारा पांढरा थर हीच त्या क्षारांची खूण. अनंत, गुलाब, एक्झोरा यांनाही हाच त्रास होतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि ते किंचित आम्लधर्मी असते. म्हणून पिंपातले पाणी सगळ्या बागेला वाटून संपवू नये. या चार-सहा झाडांसाठी ते राखून ठेवावे. पावसाने आठ-दहा दिवस उघडीप दिली की ते उपयोगी पडते आणि हस्ताच्या सरींनी भरून ठेवलेले पिंप ऑक्टोबरच्या उन्हात कामी येते. बाकीच्या कुंड्या जूनमध्ये उघड्यावर ठेवा. दोन-तीन जोरदार पावसांत, खालच्या भोकातून भरपूर पाणी निथळून जाऊ दिले की, वर्षभराचे साठलेले क्षार धुऊन निघतात. पाऊस वापरण्याची याहून स्वस्त रीत मला माहीत नाही.

जोडणीत फार काही नाही. मोसमाच्या पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्या. त्यात गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण असते. पुढेही मोठ्या खंडानंतर पाऊस आला तर सुरुवातीचे पाणी वाहू द्या. पिंप गडद रंगाचे घ्या, पारदर्शक पिंपात शेवाळ धरते. भंगारवाल्याकडून घेणार असाल तर आधी त्यात काय भरले होते ते विचारा आणि रसायनाचे असेल तर ते नकोच. तोटी तळापासून चार बोटे वर बसवा, म्हणजे गाळ खाली राहतो. वरच्या बाजूला जादा पाणी जाण्याची वाट ठेवा. भरलेले पिंप दोनशे किलोंहून जड असते, तेव्हा ते गच्चीच्या मधोमध न ठेवता खाली तुळई किंवा भिंत असेल तिथेच ठेवावे. बाल्कनीच्या कठड्यालगत तर मुळीच नको.

डासांच्या बाबतीत मात्र कसलीही सवलत घेऊ नका. डेंगी पसरवणारा एडिस डास मुख्यतः स्वच्छ, साठलेल्या पाण्याच्या काठाशी अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. पन्हळीचे तोंड, झाकणाची फट, जादा पाण्याची नळी अशा प्रत्येक उघड्या जागी बारीक जाळी ताणून बांधा. आठवड्यातून एकदा पिंपातले पाणी दुसऱ्या भांड्यांत काढून रिकाम्या पिंपाच्या आतल्या कडा ब्रशने घासा आणि मग पाणी गाळून परत भरा, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही काही महिने जिवंत राहतात. ज्यांना हे दर आठवड्याला जमणार नाही, त्यांनी पिंप ठेवूच नये. कुंड्या पावसात भिजू देणे त्यांच्यासाठी पुरेसे आहे.

पुढच्या भागात पालापाचोळ्याचे आच्छादन पाहू. पिंप संपल्यावर कुंडीतली ओल टिकवायची ती त्यानेच.