कमी खर्चात स्वयंपाकघराची रंगरंगोटी

एप्रिल महिना जवळ आला की आपल्या वस्त्यांतून रंगाचा वास येऊ लागतो. १४ एप्रिलच्या आधी घर झाडूनपुसून भिंतींवर एक हात फिरवावा, ही चाल आपल्या समाजात आता चांगलीच रुजली आहे. इलठणपाडा, ईश्वरनगर, गणपतीपाडा, विष्णुनगर, कोठेही गेले तरी दारात डबे आणि ब्रश दिसतात. मात्र एक गोष्ट आमच्या नेहमी नजरेस येते. बाहेरची खोली, जिथे तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा असते आणि पाहुणे बसतात, तिला चांगला रंग मिळतो. स्वयंपाकघराच्या वाट्याला येतो तो उरलेला रंग. वास्तविक वाफ, तेल, ओल यांचा सगळा मारा आतल्याच भिंतींवर होतो, घरातील स्त्रीचे निम्मे आयुष्य त्या चार भिंतींत जाते आणि रांगते मूलही तिच्या पायाशी तिथेच असते. म्हणून थोड्या पैशात स्वयंपाकघराचा रंग कसा निवडावा, याविषयी येथे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

रंगाच्या दुकानातले शेड कार्ड सर्वांत शेवटी हातात घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी भिंत पाहावी. दिघा हे पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले. आपल्याकडील पुष्कळ घरांची मागची भिंत डोंगराच्या अंगाला असते आणि नेमकी मोरी व ओटा त्याच भिंतीला लागून असतो. पावसाळ्यात डोंगरातून झिरपणारे पाणी त्या भिंतीत मुरते. विटा, वाळू आणि सिमेंट यांतील क्षार त्या पाण्यात विरघळतात, पाण्याबरोबर भिंतीच्या पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार पांढऱ्या पिठासारखे मागे राहतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. अशा भिंतीवर कितीही भारी ऑइल पेंट लावला तरी तो टिकत नाही. ऑइल पेंटचा थर हवाबंद असतो. आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग ती रंगालाच ढकलते, फुगे येतात आणि दिवाळीपर्यंत पोपडे गळू लागतात. लोक म्हणतात, रंग खराब निघाला. दोष रंगाचा नसतो.

भिंतीत ओल आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट चिकटवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी काढल्यावर त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर भिंत आतून ओली आहे असे समजावे. अशा वेळी रंगाचे पैसे आधी पागोळीचा पत्रा, मोरीचा गळका नळ किंवा मागचे गटार यांवर खर्च करावेत. हेच कारण आहे की दसरा-दिवाळीपेक्षा फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ आपल्या भागात रंगकामाला अधिक चांगला. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वेळी वरून कोरडी दिसणारी भिंत आतून पावसाळ्याचे पाणी धरून असते. जयंतीच्या निमित्ताने आपण एप्रिलच्या सुमारास रंग काढतो, ही चाल हवामानाच्या दृष्टीनेही योग्य ठरली आहे.

भिंतीची तयारी म्हटली की आम्हाला अजिंठ्याची आठवण होते. तेथील कलावंतांनी कातळावर थेट रंग लावला नाही. आधी मातीचा गिलावा दिला, त्या मातीत भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळले, त्यावर पांढरा पातळ थर चढवला आणि मग ब्रश हातात घेतला. रंगही बहुतेक साधे होते. लाल आणि पिवळा हे गेरू व पिवडीचे, हिरवा एका हिरव्या मातीचा, काळा काजळीचा. निळ्यासाठी मात्र लाजवर्द हा दगड परदेशातून यावा लागे. पंधराशे वर्षांनंतरही ते रंग शिल्लक आहेत. आपल्या आया-आज्यांनी गावाकडे पांढऱ्या मातीने भिंती पोतारल्या आणि खाली गेरूचा पट्टा ओढला, ते याच जातीचे काम होते. गरिबीतली रंगरंगोटी म्हणून त्याला हसण्याचे काही कारण नाही.

आता रंगांचे प्रकार पाहू. सर्वांत स्वस्त तो चुना. कळीचा चुना पाण्यात विरवून, रात्रभर ठेवून, कापडातून गाळून घ्यावा, त्यात थोडा डिंकाचा कढ घालावा आणि दोन-तीन हात मारावेत. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू कठीण होतो, ओलीला अडवत नाही आणि नवा असताना त्यावर बुरशी सहसा धरत नाही. चिमूटभर नीळ घातली तर पांढरेपणा उठून दिसतो. पण ती नीळ पुडीची हवी, कपड्यांसाठी बाटलीत मिळते ती पातळ नीळ नको. पिवडी घातली तर सुरेख फिकट पिवळा रंग येतो. चुना विरवताना तो उकळतो आणि उडतो. डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका असतो, म्हणून हे काम मुलांना सांगू नये. जुन्या ऑइल पेंटवर चुना धरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय अंग घासले की तो कपड्यांना लागतो आणि शेगडीमागे तर त्याचा उपयोगच नाही. हळदीला चुना लागला की लाल रंग होतो, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक आहे. ताज्या चुन्यावर फोडणीचा शिंतोडा उडाला की तोच प्रकार भिंतीवर दिसतो.

चुन्याच्या वरची पायरी डिस्टेंपरची. साध्या कोरड्या डिस्टेंपरपेक्षा पुसता येणारा घ्यावा. तो ओल्या फडक्याने हलके पुसता येतो. त्यावर प्लॅस्टिक इमल्शन, आणि तेलकट डाग सोड्याने धुऊन काढता येतील असा ऑइल पेंट. यांतले एकच निवडण्याची गरज नाही, आणि पैसे वाचतात ते इथेच. जमिनीपासून चार फुटांपर्यंत चहूकडे ऑइल पेंटचा पट्टा, ओट्यामागच्या भिंतीला तोच सहा फुटांपर्यंत, आणि त्यावर सगळीकडे डिस्टेंपर किंवा चुना. मागची भिंत ओल धरणारी असेल तर तिला मात्र ऑइल पेंट लावूच नये, चुन्यावर भागवावे आणि ओट्याच्या वर दोन फूट लाद्या बसवून घ्याव्यात. सहा फूट ओट्याला बारा चौरस फूट लाद्या लागतात. दुकानात उरलेल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या लाद्या पुष्कळ स्वस्तात मिळतात, आणि ठिगळासारख्या दिसतील ही भीती बाळगू नये.

घराचा गिलावा अगदी नवा असेल तर ऑइल पेंटची घाई करू नये. ताज्या सिमेंटमधील क्षार तेलाशी मिळून साबणासारखा पदार्थ तयार करतात आणि रंग चिकट होऊन सुटतो. पहिले वर्ष चुन्यावर काढावे.

आता प्रत्यक्ष रंगाच्या छटेकडे येऊ. चाळीतल्या किंवा पत्र्याच्या घरातल्या स्वयंपाकघराला एखादीच खिडकी असते, तीही समोरच्या घराच्या भिंतीकडे उघडणारी. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के प्रकाश परत खोलीत फेकते. गडद निळी किंवा गडद हिरवी भिंत जेमतेम १०-१५ टक्के. म्हणजे गडद रंग निवडला की दिवसाही दिवा लावणे आले आणि विजेचे बिल त्या रंगाची किंमत दरमहा वसूल करीत राहते. म्हणून वरच्या भागाला पांढरा, मोतिया किंवा फिकट पिवळा. खालच्या पट्ट्याला थोडा दबका रंग चालेल, बदामी किंवा गेरूच्या जवळ जाणारा विटकरी. त्यावर हळदीचे, चहाचे डाग ओरडत नाहीत. शुद्ध पांढरा पट्टा खाली नको, तो आठवड्यात कळकट दिसतो. निवडलेली छटा आधी हातभर जागेवर लावून सकाळी आणि रात्री दिव्याच्या उजेडात पाहावी. दुकानातल्या उजेडात दिसणारा पिस्ता घरातल्या दिव्याखाली भलताच दिसू शकतो.

आपल्या बांधवांचा निळ्या रंगाकडे ओढा असतो आणि तो असणारच. निळा झेंडा ही आपली ओळख आहे. पंचशील ध्वजातही पहिला पट्टा निळा आहे, त्यानंतर पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी. हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत कोलंबो येथे प्रथम फडकला. पण आठ बाय सहाच्या स्वयंपाकघरात चारही भिंती निळ्या केल्या तर खोली विहिरीसारखी भासते. त्याऐवजी दाराची चौकट, खिडकीचे गज, भांड्यांच्या फळीची कड यांना गर्द निळा द्यावा. अर्ध्या लिटरच्या आतबाहेर रंगात काम होते आणि पांढऱ्या भिंतीवर निळा जितका खुलतो तितका निळ्यावर निळा खुलत नाही.

कोणत्या दिशेच्या स्वयंपाकघराला कोणता रंग लाभतो, असे सांगणारी वास्तुशास्त्राची पुस्तके आता आपल्या घरांतही शिरू लागली आहेत. ज्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा टांगलेल्या आहेत, त्याच भिंतीचा रंग मुहूर्त पाहून ठरवावा, हे आम्हाला पटत नाही. असो. रंग ठरवताना ज्या स्त्रीने त्या खोलीत रोज उभे राहायचे तिला विचारले तरी पुरे. पुष्कळ घरांत तेवढेही होत नाही. पुरुष दुकानात जातो आणि डबा घेऊन येतो.

यापुढची गोष्ट मुलांच्या जिवाची आहे, तेव्हा ती लक्षपूर्वक वाचावी. जुन्या काळच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असे. विशेषतः झगझगीत पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा या छटांसाठी शिशाची संयुगे वापरली जात. शिसे पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. बुद्धी, लक्ष आणि शिकण्याची शक्ती मंदावते आणि झालेले नुकसान भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी माहीत नाही. आपल्या देशात २०१६ साली याबाबत नियम करण्यात आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असण्यास मनाई झाली. याचा अर्थ असा की त्यापूर्वी लावलेला रंग घरात अजूनही असू शकतो. एका रंगावर दुसरा चढवत गेलेल्या आपल्या भिंतींत, दारांत आणि खिडक्यांत तो थराखाली दडलेला असतो.

ज्या समाजाने शिक्षणाच्या बळावर मान वर केली, त्याच्या मुलांच्या डोक्यात हे विष जाऊ नये म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. जुना ऑइल पेंट कोरडा खरवडू नये आणि ज्योतीने जाळून तर मुळीच काढू नये. भिंत आधी ओली करावी आणि वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासावे. त्या वेळी मुले आणि गरोदर स्त्रिया यांना दुसऱ्या घरी पाठवावे. भांडी, पीठ, पिण्याचे पाणी झाकून बाहेर न्यावे. पडलेले पोपडे केरसुणीने झाडू नयेत, ओल्या फडक्याने गोळा करून पिशवीत बांधावेत. रंग पक्का बसलेला असेल, कोठे सुटत नसेल, तर तो काढण्याचा खटाटोपच करू नये. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून तेलकटपणा धुवावा, साध्या पाण्याने पुसावे, वाळू द्यावे, चमक जाण्यापुरता ओला कागद फिरवावा आणि त्यावर नवा हात मारावा. नवा डबा घेताना त्यावर शिशाबाबतचा मजकूर, उत्पादनाचा महिना आणि कंपनीचे नाव पाहावे. सुटा मिळणारा, नाव नसलेला रंग स्वस्त असला तरी घेऊ नये.

खर्चाचा अंदाज घरीच काढता येतो. समजा स्वयंपाकघर ८ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ९ फूट उंच आहे. चारही भिंतींची बेरीज २८ फूट, त्याला ९ ने गुणले की २५२ चौरस फूट. दार व खिडकी यांचे २५ वजा केले की राहिले २२७. ओट्याची भिंत सहा फुटांची धरून, वर सांगितल्याप्रमाणे ऑइल पेंटचा भाग साधारण ११४ चौरस फूट येतो. एका लिटरमध्ये एका हाताला १०० ते १२० चौरस फूट धरले तर दोन हातांना दोन-सव्वादोन लिटर पुरतात. चार लिटरचा डबा घेण्याचे कारण नाही. वरच्या ११३ चौरस फुटांचा हिशोब डिस्टेंपरच्या डब्यावर छापलेला असतो, तो पाहून तसाच करावा. दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून एका बाजूला ठाणे आणि दुसऱ्या बाजूला ऐरोली एकेका स्थानकावर आले आहे. दोन्हीकडचे भाव विचारून मगच माल उचलावा.

मजुरी मात्र मालाइतकी किंवा त्याहून जास्त होते. घरातली दोन माणसे एका रविवारी घासकाम आणि दुसऱ्या रविवारी रंगकाम उरकू शकतात. रंगासाठी दागिना गहाण टाकू नये, हे आम्ही बँकेच्या काउंटरवर जे रोज पाहतो त्यावरून सांगतो. व्याज फिटेपर्यंत भिंत पुन्हा कळकट झालेली असते. शिवाय आपल्यापैकी अनेकांच्या घरांच्या कागदपत्रांचा प्रश्न कायमचा डोक्यावर असतो. २०१५ साली उच्च न्यायालयात दिघ्यातील ९९ बेकायदा इमारतींचे प्रकरण गाजले, तेव्हा कित्येक कुटुंबांची झोप उडाली होती. अशा घरावर मोठा पैसा घालावा असे आम्ही म्हणणार नाही. पण चुना, दोन लिटर ऑइल पेंट आणि बारा फूट लाद्या यांसाठी मालकीच्या कागदाची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. जितके दिवस राहायचे तितके दिवस तिथेच शिजवायचे आहे.

शेवटी एक सूचना. ऑइल पेंट आणि त्यात घालण्याचे टर्पेंटाइन दोन्ही पेट घेणारे आहेत. काम चालू असताना गॅसचा रेग्युलेटर बंद करावा, सिलिंडर बाहेर ठेवावा, खिडकी व दार उघडे ठेवावे आणि देव्हारा नसला तरी प्रतिमेपुढे लावलेली मेणबत्ती व अगरबत्तीही विझवावी. वास पुरता जाईपर्यंत मुलांना त्या खोलीत निजवू नये. त्या दिवसाचे जेवण शेजारी सांगून ठेवावे.